आठवायचं वय

(गादीकाराचं दुकान, मागच्या दाराने त्याचंच घर. दुपारची वेळ. पिंजायचं मशीन बंद आहे.)

आई: खाली ठेवा ती गादी.

बाबा: अगं, नुसती ऊन दाखवायला काढलीय.

आई: ऊन दाखवायला कात्री लागते होय? सरळ सांगा ना, उसवायला घेतली म्हणून. भिंगरी व्हायच्या आधी आपला मोठा गेला, तेव्हापासून माळ्यावर होती, कुणी हात लावला नव्हता. आजच काय अडलं एवढं?

बाबा: सुतार भिंगरीची खाट देऊन गेला. खाटेवर काहीतरी घालायला नको? गादीकाराची पोर दुलईची घडी करून झोपते. गिऱ्हाइकं हसतात मला.

आई: मग नवी करा. दुकानात कापसाला काय तोटा आहे? स्वतः बाकड्यावर घोरत पडता आणि आज अचानक पोरीच्या गादीचा पुळका!

बाबा: नवीच करणार होतो. पण हा कापूस बघ. मोठ्यासाठी एकेक पुंजका निवडून घेतला होता मी. माळ्यावर पडून त्याचे गोळे झालेत. पिंजून घेतला की पहिल्यासारखा फुलेल.

आई: तुम्हाला कापूस दिसतो. मला मधला हा खळगा दिसतो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा तो. एवढाच उरलाय माझ्याकडे. तुम्ही पिंजलंत की गेला.

बाबा: तो गेलाच आहे गं.

आई: नाही.

बाबा: बरं, नाही. तू बस जरा. पाणी देऊ?

आई: पाणी नको. आणि वेड्याशी बोलल्यासारखं बोलू नका माझ्याशी. एक सांगायचंय. हसणार नसाल तर सांगते.

बाबा: मी कशाला हसू?

आई: तो परत आलाय. आपली भिंगरी म्हणजे तोच आहे.

बाबा: आपली भिंगरी?

आई: बघा, तोंड कसं झालं तुमचं! म्हणून तर इतके दिवस बोलले नाही. पलीकडची नर्सबाई सांगत होती, काही पोरांना आठवतं. मी अमक्या घरात होतो, माझी आई अशी होती, सगळं सांगतात. पण पाच वर्षांच्या आतच. एकदा पाच पुरी झाली की पुसून जातं. आपलीला या रविवारी पाच पुरी होतात.

बाबा: नर्सबाई दिवसभर इंजेक्शनं देते, तिला काय गं त्यातलं कळतंय? आणि असं असेल तर बाकीच्यांना का नाही आठवत? तुला आठवतं? मला तर काल कुणाची उशी शिवली तेही आठवत नाही.

आई: बाकीच्यांना वेळेवर कुणी विचारत नाही म्हणून. पोर बडबडायला लागलं की आपण त्याला आकडे शिकवतो, रंग शिकवतो. तू आधी कोण होतास, असं कोण विचारतं? मी विचारलं. रोज संध्याकाळी तिची वेणी घालताना विचारते.

बाबा: रोज? कधीपासून?

आई: झाले की दोन-तीन महिने. आधी काही बोलायची नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. मग एके दिवशी म्हणाली, आई, मला दुधावरची साय नको, साय लागली की मला ओकारी येते. मोठ्याचं तसंच होतं ना?

बाबा: साय पुष्कळ पोरांना आवडत नाही.

आई: हो ना, मीही तेच म्हटलं मनाशी. मग दोन दिवसांनी म्हणाली, मी दुकानातल्या कापसाच्या ढिगाला आजोबा म्हणायचे. आता बोला. कापसाच्या ढिगाला आजोबा म्हणणारं दुसरं पोर दाखवा मला. तिला कुठून कळलं? मी तर त्याचं नावसुद्धा घेत नाही घरात.

बाबा: ते तू घेत नाहीस.

आई: म्हणजे?

बाबा: काही नाही. अजून काय म्हणाली?

आई: मशीन सुरू झालं की तो कानात कापूस घालून, मला ऐकू येत नाही, मला ऐकू येत नाही असं ओरडत फिरायचा. तेही सांगितलं तिने. आणि परवा... परवा मी वेणी घालून उठले, तर पाठीमागून तिने हाक मारली. माऊ म्हणून.

बाबा: अरे देवा.

आई: माऊ! दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला आई म्हणायलासुद्धा त्राण नव्हतं, तेव्हा म्हणायचा. तुम्ही, मी आणि तो, तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदाच परवा रात्री गाढ झोप लागली मला. म्हणून सांगते, ही गादी उसवू नका. आज दुपारी तिला हिच्यावर निजवणार आहे मी. त्या खळग्यात तिचं अंग बरोबर बसलं ना, की उरलेलं सगळं आठवेल तिला. तुम्ही का असे बसलात? बोला की काहीतरी.

बाबा: माऊ मी सांगितलं तिला.

आई: काय?

बाबा: मी सांगितलं. सायही मीच, आजोबाही मीच, ते कानात कापूस घालणंही. दुपारी तू आत असतेस, ती इथे ढिगावर येऊन लोळते. एकदा विचारलं तिने, बाबा, दादा कसा होता? मी सांगत बसलो. दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच यायला लागली. परवा म्हणाली, बाबा, कालचं संपलं, अजून एक सांग. मला हसू आलं. वाटलं, पोरीला गोष्टींची गोडी लागली.

आई: कालचं संपलं...

बाबा: मला काय ठाऊक, ती इथलं नेऊन तुला देतेय.

आई: आणि तुम्ही तिला माऊसुद्धा दिलंत? तेवढं तरी ठेवायचं होतं हो माझ्यासाठी.

बाबा: चुकलं. पण मी कुणाशी बोलायचं गं त्याच्याबद्दल? तुझ्यापुढे विषय काढला की तू ताटावरून उठायचीस. मलाही वाटायचं, तो शब्द एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकावा. तिला म्हणायला लावला मी. दोनदा. मग मशीन लावलं, रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून.

आई: म्हणजे ती... म्हणजे तिला काहीच आठवत नाही.

बाबा: नाही. तुझा चेहरा मात्र तिला बरोबर कळतो. कशाने उजळतो ते शिकून घेतलंय तिने.

आई: मला ती तो नसली तरी चाललं असतं हो. खरंच. तो दुसरीकडे कुठे जन्मला असेल, दुसऱ्या कुठल्या बाईला आई म्हणत असेल, म्हणू दे. खाऊन-पिऊन सुखी असू दे. पण खेळता खेळता मध्येच एकदा तरी त्याने थांबावं. काहीतरी राहिलंय, असं वाटावं त्याला. तो मला असा धुऊन पुसून विसरला असेल, हे मला सोसत नाही. मी एक दिवस विसरले नाही त्याला. मग त्यालाच का विसरायला लावतात?

बाबा: माझ्या मनात येतं कधीकधी, सांगू? हा कापूस बघ. पिंजल्याशिवाय दुसऱ्याला त्यावर...

आई: कापसाचं सांगू नका मला. माझा पोरगा आहे तो.

बाबा: बरं, कापूस राहू दे. भिंगरीचंच सांगतो. तू म्हणतेस तसं असेल, माणूस परत येत असेल, तर तीही कुठून तरी आली असेल ना? तो नाही, दुसरंच कुणाचं तरी पोर. तिचीही आधीची एक आई असेल.

आई: असेल.

बाबा: तीही कुठेतरी बसली असेल एखादी गादी जपत. जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांची तोंडं बघत असेल. आता समज, भिंगरीला ती आठवली. पक्की आठवली. मग रात्री दचकून उठली की ती तुझ्या कुशीत शिरली असती का? तुझ्या हातची वेणी घालून घेतली असती? दाराशी बसून रडली असती, मला माझ्या आईकडे न्या म्हणून. तिला काही आठवत नाही म्हणून तर ती तुझी झाली.

आई: आणि त्या बाईचं काय?

बाबा: तिचं आपल्यासारखंच.

आई: कुणीतरी सांगायला हवं तिला. पोर बरी आहे म्हणून. जेवते, खेळते, गिऱ्हाइकांशी भांडते.

बाबा: हो.

आई: आपल्यालाही कुणी सांगणार नाही तसं.

बाबा: नाही. तो बरा आहे, असं आपण आपलं धरून चालायचं.

आई: दोन-तीन महिने मी तिच्या चेहऱ्यात त्याला शोधतेय. ती रोज समोर बसून होती. यंदा पाच पुरी व्हायच्या आतच तिचे दोन दुधाचे दात पडले, ते कुठे पडले तेही मला माहीत नाही.

बाबा: एक इथे ढिगात पडला. सापडला नाही. कुणाच्या तरी उशीत गेला असेल.

आई: हसवू नका मला आता. आणा इकडे ती कात्री. खोळ मी शिवली होती, उसवीन तर मीच. थांबा, आधी जरा हात ठेवू द्या इथे.

बाबा: ठेव. मला काही घाई नाही.

आई: ...इथे त्याचं डोकं असायचं.

बाबा: हो.

आई: झालं. धरा ते टोक. एवढा बारीक टाका घातला होता मी, मेला सुटतही नाही. भिंगरी! अगं भिंगरे, इकडे ये जरा.

भिंगरी: आले! आई, आई, मला अजून एक आठवलं. मी ना, लहान होते तेव्हा, म्हणजे त्याच्या आधी, मी ना...

आई: राहू दे बाळा. आता नको आठवूस.

भिंगरी: पण नवीन आहे हे. तुला आवडेल.

आई: तू आवडतेस मला. ये, अशी जवळ बस. हे बघ, बाबा हा कापूस पिंजून तुझ्या खाटेसाठी गादी करणारेत. तुला कशी हवी? मऊ करू की घट्ट?

भिंगरी: दादाला मऊ आवडायची.

आई: दादाचं नाही गं विचारत. तुला कशी आवडते?

भिंगरी: मला?

आई: हो, तुला.

भिंगरी: बाबा, कानात सांग ना, मला कशी आवडते?