डाव्या खांद्यातलं नाव

मी मूळचा भंडाऱ्याचा जी. साकोलीले दुकान टाकलं ते मंग, पयले आमचं घर पितळेच्या कामातलं. बाबा अन् काकाजी, सख्खे भाऊ, एकाच पडवीत बसून गुंड घडवत. गुंड माहीत हाय ना तुमाले, पाणी भरायचा मोठा? तो एका पत्र्याचा होत नाही, खालचा अर्धा वेगळा, वरचा अर्धा वेगळा, अन् मधात जोड. खालचा बाबा ठोकत, वरचा काकाजी. अन् दोघाईचं बोलणं बंद. कायच्यावरून बंद झालं ते मले शेवटपर्यंत समजलं नाही, त्याईलेही आठवत नसन. पण जोड कधी चुकला नाही पाहा. मी लहानपणी डोळे मिटून हात फिरवला का सांगत होतो, हे बाबाचं, हे काकाजीचं. बाबाचा ठोका दाट, काकाजीचा ऐसपैस. घेणाऱ्याले काही फरक पडत नव्हता, त्याले पाणी भराचं.

मंग स्टील आलं, प्लास्टिक आलं, पितळ कोण घेते. माझी बायको एकोडीची, तिच्या भावाचं साकोलीले गॅरेज होतं, तो म्हणे भाऊजी, ठोकता येते ना, तं गाडीचा पत्रा ठोका. तवापासून मी डेंटर. ट्रक ठोकले, जीपा ठोकल्या, नवरदेवाची गाडी वरातीच्या आधी दोन घंट्यात सरळ करून देली. वामन मिस्त्रीनं हात लावला तं कुठं लागलं होतं ते दिसत नाही, असं लोकं म्हणत. याच गोष्टीचा मले गर्व होता, अन् यातच मी फसलो, काय सांगू तुमाले.

नागपूरचे एक सायेब हायत, जुन्या गाड्याईचे शौकीन. त्याईनं कलकत्त्याहून दोन गाड्या मोठ्या ट्रकात घालून आणल्या, इटलीच्या दोन्ही, एक लाल अन् एक पिवळी. साकोलीच्या अलीकडं ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक मारला, आतमंदी पट्टे तुटले, लाल तिरपी झाली अन् पिवळीचं नाक तिच्या डाव्या खांद्यात घुसलं. खांदा म्हणजे मागच्या चाकावरचा फुगार. सायेब रडकुंडीले आले. कोणीतरी त्याईले सांगतलं, पितळेवाल्याच्या घरचा एक मिस्त्री हाय, त्याले दाखवा.

आता माझी फजिती ऐका. मी लालचं समोरचं झाकण उघडलं तं आत स्टेपनी. मागचं उघडलं तं सामान ठेवाची इवलीशी जागा. मी म्हटलं सायेब, इंजिन चोरीले गेलं का रस्त्यात? सायेब रडता रडता हासले. सीटच्या पाठीमागं, मागच्या चाकाच्या अलीकडं, मधात इंजिन. मी म्हटलं हे कोणतं डोकं, ड्रायव्हरची पाठ शेकाले? ते म्हणे वामनभाऊ, वजन मधात असलं का वळणावर गाडी भुईले चिकटून राहाते. चिकटत असन बाप्पा.

मंग त्याईनं सांगतलं का दोघींचं इंजिन एकाच घरचं, पण अंग घडवणारे कारखाने दोन, एकाच शहरातले, अन् एकमेकाचे पक्के वैरी. बरेच वर्षं काम एकाच्याच घरी जात होतं. मंग एक डाव दुसऱ्याले देलं तं तिथं गहजब झाला म्हणते. लाल पयल्या घरची, पिवळी दुसऱ्या. अन् बाईसायेबाईनं ताकीद देली होती का घरात सवत एकच राहीन, दुसरी विका. सायेबाले काही सुचून नव्हतं राहिलं. मले म्हणे, तुम्ही दोघींले आतून-बाहेरून पाहून राहिले, काम झाल्यावर तुम्हीच सांगा कोणती ठेवू.

इथूनच माझं डोकं फिरलं. लाल पाहिली तं नजर कुठं अडतच नाही, दरवाज्यावरून निघाली का खांद्यावर चढते अन् शेपटापर्यंत घसरत जाते. अल्मुनियमचा पत्रा, नरम, हाताचं ऐकणारा. पिवळी सारी सरळ, घडी घातलेल्या धोतरासारखी, काचा मोठ्या, मागं दोन सीटा, त्यात बकरीचं पिल्लूही बसणार नाही पण सायेब म्हणे चार माणसाची. पत्रा लोखंडी. लोकं येत अन् लालजवळच उभे राहात. पण मले विचाराल तं सरळ पत्रा सगळ्यात बदमाश असते जी, गोलाईत चूक लपते, सपाटीत केसाएवढी खोच दिसते. डोळा म्हणे लाल, हात म्हणे पिवळी. रोज सकाळी एक ठरवत होतो अन् जेवून आलो का दुसरी.

पिवळीचं नाक पंधरा दिवसात सरळ केलं. मंग लालचा खांदा घेतला. आमच्या धंद्यात रीत हाय, एक बाजू मोडली तं चांगल्या बाजूवर पुठ्ठा कापून खाका घ्याचा, तो उलटवाचा अन् मोडलेली बाजू त्याच्यावर आणाची. मी तसंच केलं. खाका लावला तं मोडलं होतं त्याच्या वर, जिथं मार लागला नव्हता, तिथंही पत्रा बोटभर उंच. मले वाटलं मारानं वर आला. दाबला. आतून पाहिलं तं कोपऱ्यात खरवडलेल्या दोन-तीन बारीक रेघा, म्हटलं कोण्या आळश्यानं पेचकस घासला असन, काच कागद मारून साफ केल्या. दोन्ही खांदे असे जुळले का बायको म्हणे, आरशात पाहून राहिली वाटते.

मंग सायेबानं जुना फोटो पाठवला, रंग पाहाले. ट्रकात चढवाच्या आधीचा, मागून काढलेला. मी चष्मा लावला. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उंच. मार लागायच्या आधीच उंच! मले आधी वाटलं फोटो वाकडा हाय. मंग मी बॅटरी घेऊन उजव्या खांद्याच्या आत शिरलो. तिथंही कोपऱ्यात रेघा, पण वेगळ्या, अन् नीट पाहिलं तं त्या रेघा नव्हत्या, अक्षरं होती, कोणाच्या तरी नावाची. अन् पत्र्याच्या पोटात ठोके, ऐसपैस, काकाजीसारखे. म्हणजे डाव्यातल्या मी घासलेल्या रेघाही नावच होत्या, दुसऱ्या कोणाचं. दोन माणसं होती जी. एकानं उजवा घडवला, एकानं डावा, डोळ्याच्या अंदाजानं, जसे आमच्या पडवीत. डाव्याचा हात बोटभर उंच जात असन. मी त्याचा हातही पुसला अन् नावही. पितळेवाल्याचा पोट्टा असून मले ओळखू आलं नाही, याची मले इतकी लाज वाटली का दोन दिवस दुकान उघडलं नाही.

बायको म्हणे, सायेबाले दिसलं का? म्हटलं नाही. मंग गप राहा, तुमचं नाव हाय गावात. बरोबर होतं तिचं. पण सायेब मलेच विचारणार होते ना, कोणती ठेवू. लाल म्हणू तं माझी चूक त्याईच्या घरी बसते, पिवळी म्हणू तं लाल विकली जाते अन् चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडते. पिवळीच्या नाकात मी काही बिघडवलं नव्हतं. मंग पिवळी चांगली का? असं कसं होईन?

सायेब आले तं मी त्याईचा हात धरून डाव्या खांद्यावर ठेवला अन् सारं सांगून टाकलं. मंग म्हणे, पयल्यासारखा वाकडा करून द्या. मी म्हटलं सायेब, बोटभर वर आणून देईन, पण तो माझा वाकडेपणा होईन, त्याचा नाही. त्याचा आता कोणाकडूनच होत नाही. हे बोलताना मले रडू आलं, खोटं काहून बोलू.

सायेबानं डोळे पुसाले रुमाल देला. मंग म्हणे, तुमच्याकडं भांड्यावर नाव टाकतात ना? आतून नाव टाका तुमचं, गाव टाका, म्हणजे पुढचा माणूस त्या बिचाऱ्याले दोष नाही देणार. बाबाची बारीक छिन्नी अजून हाय माझ्यापाशी. बसलो अन् ठिपका ठिपका मारून टाकलं, वामन, भंडारा. हा मान होता का सजा, ते सायेबाच्या तोंडावरून समजलं नाही, अन् विचाराची हिंमत झाली नाही.

त्याईनं पिवळी विकली, जिच्यात काही खोट नव्हती ती, अन् लाल ठेवली. काहून ठेवली? आता नजर कमी झाली, दुकान साळा पाहाते, मी खुर्चीवर बसून राहातो. तो डाव्या खांद्यावाला कोण होता, उजव्यावाल्याशी बोलत होता का अबोला होता, काही माहीत नाही. जिथं असन तिथं सुखी राहो बाप्पा. माझं नाव त्याच्या नावाच्याच जागेवर बसलं हाय. उद्या कोणी मिस्त्री त्यालेही रेघोट्या समजून काच कागद मारीन. मारो. फक्त मारायच्या आधी तो एक डाव उजेड धरून पाहीन, तं बरं होईन.