बायजाचं लुगडं

मुळशीला धरणाचं काम सुरू झालं त्या साली धोंडाबाई मुळा नदीच्या काठावर होडीची वाट पाहत बसली होती. शेजारी एक धनगरीण सासू, तिची सून आणि त्यांची मेंढी. मेंढीला लुचणाऱ्या कोकराच्या अंगावर दुसऱ्याच कोकराचं कातडं बांधलेलं. धोंडाबाईनं मान वळवली नाही, पण कान तिकडंच होते.

"आत्याबाई, ही लबाडीच की."

"हिचं कोकरू मेलं, ह्याची आई मेली. आपल्या कोकराचा वास येतोय म्हणून पाजती ती, बायजा."

"आन् कातडं काढल्यावर?"

"तवर हिच्या दुधाचा वास ह्याच्या अंगाला लागतो. मग न्हाई लाथाडत."

"बायजाअक्का जाऊन वरीस झालं. तिचं लेकरू मला बिलगावं म्हणून तुमी मला तिचं लुगडं नेसवलं, तिच्याच नावानं हाक मारता."

"बिलगलं की."

"व्हय. आता माझ्याबिगर झोपत न्हाई."

सासू कोकराकडं बघत राहिली. मग वाकून तिनं त्याच्या पोटाखालची गाठ सोडली. कातडं गळून पडलं. मेंढीनं कोकराला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि तशीच पाजत उभी राहिली.

"होडी आली," सासू म्हणाली. "ऊठ, सुंदरा."