आत असलेला एक

शुक्रवार. सकाळचे सहा बावन्न. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर हजेरीचं यंत्र वाजलं – टिंग! पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: केंजळे सदाशिव. प्रेस नंबर चार. आत.

मंडळी, घटना एवढीच. रोज दोनशे माणसं तिथं अंगठा लावतात. मग यात नवल काय?

नवल हे, की सदाशिव केंजळे वीस दिवसांपूर्वी निवृत्त झाले होते. आणि दहा दिवसांपूर्वी वारले होते! आदल्याच दिवशी नदीवर त्यांचं दहावं झालं होतं.

दत्तगुरूंच्या या ओसरीवर आज निरूपणाला दोनच ओळी घेतल्यात –

ऐके त्याचे दार उघडे।
बोले त्याचे कुलूप पडे॥

आणि प्रश्न एकच. माणसं सांभाळणं ज्याची नोकरी, त्याला काय काय यायला हवं? हसू नका! आपल्या कॉलनीत घरटी एक माणूस कारखान्यात आहे. प्रत्येक कारखान्यात एक काचेची केबिन आहे, दारावर पाटी – एचआर. तिथं बसणाऱ्याला कायदा यावा. माणूस पारखता यावा. रजेच्या अर्जावरची 'आजी वारली' ही कितवी आजी, ते ओळखता यावं! (हसले बघा, तिघं हसले. त्या तिघांचे अर्ज मी सांगू का?) साहेबाची भाषा कामगाराला आणि कामगाराची साहेबाला सांगता यावी, मधलं विष गाळून. हे सगळं यायला हवंच. पण हे सगळं येऊनही एक गोष्ट राहिली, तर काय होतं? ऐका.

त्या केबिनमध्ये बसायच्या नंदिनी बारटक्के. सहा वर्षांची नोकरी. हुशार, तत्पर, कागदाला पक्क्या. ही हकिकत मला त्यांनीच सांगितली, तारीखवार, आणि सांगायची परवानगीही दिली. 'बुवा, माझी चूक आधी सांगा,' म्हणाल्या. म्हणून आधी चूक.

कुणी नोकरी सोडताना एक फॉर्म भरतात. शेवटचा प्रश्न – जाताना काही सांगायचं आहे का? सहा वर्षं प्रत्येक कामगारानं तिथं लिहिलं, 'काही नाही.' मग बाईंनी वेळ वाचवला. फॉर्म छापतानाच उत्तर छापून घेतलं – काही नाही! प्रश्नही आपला, उत्तरही आपलं. कामगारानं फक्त सही करायची.

केंजळेमामा शेवटच्या दिवशी केबिनमध्ये आले. एकोणीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या एकाच प्रेसवर काढलेला माणूस. टोपी मांडीवर ठेवली. फॉर्म वाचला. पुन्हा वाचला.

"म्याडम, हितं 'काय न्हाई' लिवलंय. पर माझं एक सांगायचं हाय. प्रेस चारचं."

तेवढ्यात फोन वाजला.

"एक मिनिट हं, मामा."

मंडळी, ते एक मिनिट बावीस मिनिटं चाललं! फोनवर कोण होतं? पुण्याचे कुणी तज्ज्ञ. विषय काय? 'कामगारांशी संवाद कसा वाढवावा.' मी मनचं सांगत नाही! मामा बसून राहिले. खिडकीबाहेर त्यांची एसटी हॉर्न द्यायला लागली. मामांनी सही केली, टोपी घातली, दारातून एकदा मागं वळून पाहिलं. बाईंनी बोट वर केलं – थांबा. एसटी थांबते होय?

त्यानंतर दहाव्या दिवशी मामा गेले. झोपेत. ऑफिसनं पुष्पचक्र पाठवलं.

दहाव्याला नदीवर काय झालं, ते नंतर कळलं. कावळा शिवेना! मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. प्रेसवरची चारजणं आली होती, तीही काहीबाही बोलली. कावळे समोर बाभळीवर बसलेले – पण खाली येईनात. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरच्यांनी घरची वचनं दिली हो! पण ज्या केबिनमध्ये सांगायचं राहिलं होतं, तिथलं कुणी घाटावर होतं का?

आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी – टिंग!

बाईंनी पहिल्या दिवशी यंत्रवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, अंगठा जुळल्याशिवाय नाव येतच नाही."

"अहो, तो माणूस हयात नाही."

"मग मॅडम, हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही."

शनिवारी पुन्हा सहा बावन्न. रविवारी सहा बावन्न. एक सेकंद इकडे नाही की तिकडे. आत आल्याची नोंद रोज, बाहेर गेल्याची एकदाही नाही. गेटवर एक फलक आहे, आग लागली तर आत किती माणसं आहेत ते कळावं म्हणून. त्यावर लाल आकड्यात 'आत' असं येतं. दोनशे तेरा माणसं मोजून आत, आणि फलक दाखवतोय दोनशे चौदा!

गेटवरचे पतंगे. जुना वॉचमन, सैन्यातून आलेला, घाबरणारा नव्हे. चौथ्या दिवशी केबिनच्या दारात उभे.

"मॅडम, प्रेस चार वाजतेय."

"कधी?"

"सहा पंचावन्नला. मेन स्विच पावणेसातला टाकतो मी. शेडमध्ये चिटपाखरू नसतं. आणि ठण्... ठण्... रिकामी. दहा ठोके. मोजलेत."

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत?"

"गेलो की. गेलो तोवर बंद. स्टूल तेवढं मागं सरकलेलं होतं, हातभर. मामा डाव्या पायानं सरकवायचे, तसं."

बाईंनी कॅमेरा पाहिला. सहा बावन्नला गेटवर कुणी नाही. यंत्राची काच मात्र उजळते – अंगठा टेकल्यावर उजळते, तशी. आणि काच विझते तेव्हा तिच्यावर वाफ धरलेली असते. कुणीतरी जवळून श्वास सोडावा, तशी.

का हो, इतके गप्प का झालात? टाळ तरी वाजवा!

आता प्रेस चारवर कोण होतं, ते ऐका. मामा निवृत्त झाले तेव्हा त्या प्रेसचा साचा दुरुस्तीला गेला होता. वीस दिवस प्रेस बंद. सुरू झाली त्या शुक्रवारीच. तिच्यावर बसली सुवर्णा भोईटे. चोवीस वर्षांची, नवी. कंपनीच्या बसनं बरोबर सातला यायची आणि सात-पाचला काम सुरू. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की वीस टनांचा ठोका! दिवसाला हजार वेळा तिचे हात त्या जबड्यात जायचे नि यायचे. हे हात लक्षात ठेवा. कथा त्या हातांची आहे.

बारा कामाचे दिवस गेले. बारा नोंदी. कारखान्याचे मोठे साहेब, महाबळ, कावले.

"बारटक्के, शुक्रवारी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार. त्यांना काय सांगू? आमच्याकडं मेलेली माणसंसुद्धा वेळेवर येतात? नाव उडवा!"

बाईंनी बुधवारी संध्याकाळी केंजळेंचं नाव आणि अंगठा यंत्रातून उडवला. यंत्रानं विचारलं – नक्की? बाईंनी बटण दाबलं – हो. आता नियमाप्रमाणे नाव उडवल्याच्या कागदावर वारसाची सही लागते. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. कागद घेऊन बाई मामांच्या गावी गेल्या.

मामांची बायको, गजराबाई, अंगणात शेंगा फोडत बसलेली. बाईंनी कागद पुढे केला. गजराबाईंनी तो घेतला नाही.

"बसा. च्या घ्या. तुमीच व्हय त्या फोनवाल्या म्याडम?"

मंडळी, काय लागलं असेल ते काळजाला! बाईंनी पर्समधला फोन काढला. बंद केला. पर्समध्ये ठेवला. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एका माणसासमोर नुसत्या बसल्या. गजराबाई शेंगा फोडत राहिली. बाईंनी घाई केली नाही. पाटीभर शेंगा झाल्या, तेव्हा गजराबाई बोलली.

"ह्यांनी शेवटची दोन वर्सं पाच पन्नासची गाडी सोडली न्हाई. मागची गाडी बी चालली असती. मी म्हनायची, एवढं काय लवकर? तर म्हनायचे, 'प्रेसला खोड लागलीय. सकाळच्या पहिल्या दहा ठोक्यांत एक ठोका ती मनानं मारती. बटण न दाबता! म्हनून मी लवकर जाऊन तिला रिकामी चालवतो. खोड जिरली की दिवसभर गाय.' सुपरवायझरला दोनदा सांगितलं. तो म्हनला, चालतीय न्हवं? मग चालू दे. शेवटच्या दिवशी म्हनाले, आज म्याडमच्या कानावर घालतो. माझ्या जागी कोन तरी यील. तेला दोन हात असत्यात."

बाई उठल्या.  बारा दिवस सुवर्णाचे हात शाबूत का होते, ते आत्ता कळलं. कुणीतरी रोज आठ मिनिटं आधी येत होतं. आणि त्या येणाऱ्याचं नाव बाईंनी काल संध्याकाळी उडवलं होतं!

तिथूनच महाबळांना फोन लावला.

"उद्या प्रेस चार बंद ठेवा, साहेब."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"केंजळेमामांच्या."

"बारटक्के, उद्या पाहुणे आहेत. भुताच्या तोंडी तक्रारीवर मी लाइन थांबवू? लेखी काय आहे? त्यांच्या फॉर्मवर काय लिहिलंय?"

काय लिहिलं होतं, मंडळी? मोठ्यानं सांगा! – काही नाही.

शुक्रवारी पावणेसातला बाई गेटवर उभ्या. शेजारी पतंगे. सहा पन्नास. एक्कावन्न. बावन्न. यंत्र गप्प. सहा पंचावन्न – शेड गप्प. पतंगे हलकेच म्हणाले, "आज आले न्हाईत." पण फलकावर मात्र, बस यायच्या आधी, मोकळ्या कारखान्यात, लाल आकडा होता – सहा. बाई, पतंगे, इलेक्ट्रिशियन, दोन सफाईवाल्या. किती झाले? पाच.

सातला बस आली. सात-चारला सुवर्णानं स्टूल पुढं ओढलं, पत्र्याचा तुकडा उचलला. महाबळ पाहुण्यांना घेऊन त्याच रांगेत. बाई चालत गेल्या आणि प्रेस बंद करायच्या लाल बटणावर तळवा मारला.

"सुवर्णा, हात काढ."

"मॅडम, टार्गेट..."

"हात काढ, बाई!"

महाबळ दातओठ खात जवळ आले. "पाहुण्यांसमोर हे काय नाटक?"

"साहेब, दहा ठोके. रिकामे. मग मला घरी पाठवा."

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. चालू द्या. लाल बटण मोकळं करून सुवर्णानं दोन्ही बटणं दाबली. ठण्. एक. ठण्. दोन. सगळी शेड गोळा झाली. पाच. सहा. सहाव्यानंतर सुवर्णानं दोन्ही हात उचलून कपाळावरचा घाम पुसला. सगळ्यांना दिसत होतं – हात कपाळावर, बटणं मोकळी.

ठण्!

 सुवर्णानं आपले हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. 

आता सांगा, माणसं सांभाळणाऱ्याला काय यायला हवं? तुम्ही म्हणाल, ऐकायला. अहो, ऐकायला तर भिंतीलाही येतं! विचारलं की थांबायला यावं. समोरच्याचं उत्तर आधीच छापून ठेवू नये. आणि जे ऐकलं, ते साहेबासमोर, पाहुण्यांसमोर, नोकरी पणाला लावून बोलायला यावं. तुम्ही एचआर नाही म्हणून सुटलात? घरी सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहते, 'सासूबाई, जरा बोलायचं होतं' म्हणते, तेव्हा तुमचं उत्तर छापलेलं असतं. बाप खाटेवरून हाक मारतो, तेव्हा तुमचं बोट वर जातं – एक मिनिट! किती मिनिटांचं असतं हो तुमचं एक मिनिट? कुणाकुणाच्या एसटीनं हॉर्न दिलाय, आठवा.

पुढची हकिकत, जेवढी ठाऊक आहे तेवढी. प्रेस चारचे फ्यूज काढलेत. कारागिरांनी तीन दिवस ती उलगडली. दोष सापडलेला नाही. सुवर्णाला पॅकिंगमध्ये घेतलंय. कामात अडथळा आणल्याबद्दल बाईंना नोटीस मिळालीय. उत्तराची मुदत उद्या संपते. ते फॉर्म त्यांनी रद्द केले. नव्या फॉर्मवर शेवटच्या प्रश्नाखाली अर्धं पान कोरं आहे.

आज गुरुवार. कारखान्याला सुट्टी. पतंगे गेटबाहेरच्या चौकीत. यंत्रवाल्यानं दोनदा पुसूनही सकाळी फलकावर आकडा होता – आत: एक. पतंग्यांनी बाईंना कळवलं. दुपारी पावणेतीनला बाई आल्या. फोन पतंग्यांकडे ठेवला. अंगठा लावून आत गेल्या. पतंग्यांना काचेतून दिसलं ते असं – समोरची खुर्ची बाईंनी पदरानं पुसली, एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला, पेन त्याच्या बाजूला वळवून ठेवलं, आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

मी कीर्तनाला उभा राहिलो पाच वाजता. आत्ता पखवाजवाल्यांच्या फोनवर पतंग्यांचा निरोप आलाय. पाच पन्नास. बाई अजून बाहेर आलेल्या नाहीत. मध्येच मान हलवतात, म्हणे. फलकावर आकडा आहे – दोन.