वांकिडीकडचा तलाव

विषय: पुतणी सुजाता हिची वैमानिक परीक्षा. संदर्भ: मी दिलेला महसुली नकाशा.

होकायंत्रावर दिशा धर, घड्याळ बघ आणि वळायला जमिनीवरची खूण ठरव, असं तिला विमान शिकवणाऱ्यांनी शिकवलं होतं. खूण म्हणून तिनं माझ्या नकाशातला वांकिडीकडचा तलाव घेतला. तो शोधत घिरट्या घालता घालता ती वाट चुकली आणि नापास झाली.

“मोठेबाबा, तिथं तं नुसता कापूस आहे!”

“नकाशात तलावच आहे, बाई.”

“तुमी कधी पाह्यला का?”

“तीस वर्षं दरसाल दफ्तरात लिहिला. पाहाले कोण जाते?”

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. फेरपरीक्षेचा तिचा अर्ज प्रलंबित आहे.