पान नंबर टाकून बोला

...विषयाला धरून बोला म्हणे. आता मला सांगा, माणूस कधी विषयाला धरून बोलतो का? तुम्ही बोलता? मी तर बायकोशीसुद्धा चाळीस वर्षांत कधी... जाऊ द्या, ती गेली, तिचा विषय नको.

तर आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, एका रहस्यकादंबरीच्या चाहत्यांचा. तुम्हाला सांगतो, खून कुणी केला इथून सुरुवात व्हायची आणि तासाभरात गाडी यावर, की उस्मानपुऱ्यात टँकर आला का, नळाला आठवड्यातून एकदा तरी पाणी सुटणार का, भाकरी थापताना तुटते का... आणि त्यात हर्सूलच्या द्वारकाबाई. डोळे अधू, म्हणून मेसेज बोलूनच पाठवायच्या. "श्रीनिवासराव, जेवलात का? नुस्ता भात? असं लई दिवस नाय चालायचं." आता मला जेवलात का विचारणारं दुसरं आहे कोण? लेक पुण्यात, ती रविवारी विचारते, पण भूक काय रविवारचीच लागते?

पण आमचा अ‍ॅडमिन विश्वजित. बजाजनगरला राहतो, कंपनीत सुपरवायझर, त्याला सगळं ओळीत लागतं. "काका, भरकटू नका, विषयाला धरून बोला. यापुढं आधी पान नंबर, मग मेसेज. नाहीतर डिलीट." बरं, नुसता नंबर टाकून भागेना. हा पठ्ठ्या पान उघडून बघायचा, तिथं गुडघा नसला की गुडघ्याच्या तेलाचा मेसेज उडवायचा. मग काय करता? शोधायला लागलो पानं. टँकरसाठी विहिरीचं पान, गुडघ्यासाठी जिन्याचं. द्वारकाबाई तर नातवाकडून वाचून घ्यायच्या आणि नेमकं पान काढायच्या.

एक दिवस त्यांचा आवाज आला, "पान बारा. बाई घर बंद करून चालली. आता काय परत येत नाय." बारा नंबरच्या पानावर खरंच एक विधवा घराला कुलूप लावून जाते हो. झालं, ग्रुपवर संध्याकाळपर्यंत वाद, ती भिऊन गेली का खून तिनंच केला. विश्वजित खूश, "बघा, याला म्हणतात विषयाला धरून बोलणं."

पुढं चार दिवस द्वारकाबाईंचा फोन बंद लागला, तेव्हा मी उठून हर्सूल गाठलं. पत्ता कुणाला ठाऊक? पण तुम्हाला सांगतो, त्या भरकटलेल्या गप्पांवरून घर सापडलं मला. तलावाच्या अलीकडं, गिरणीच्या मागं, निळं दार. दाराला कुलूप. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "शेजारी बारा मजले उठले, त्यांनी बोअर मारला, हिचा आटला. पोरगा घेऊन गेला. कुठं ते नाय माहीत, भाऊ. रडत गेली." मी तिथंच गिरणीच्या पायरीवर बसलो. लई वाईट वाटलं. जाताना बाई आम्हाला सांगून गेली होती, आणि आम्ही खुनी शोधत बसलो होतो.

परवा नळाला पाणी आलं. भांडी भरली, पिठलं केलं, ग्रुपवर लिहिलं, "पान तीनशे बारा. द्वारकाबाई, पाणी आलं. आज भात नाही, पिठलं-भाकरी. जेवलो."

लगेच विश्वजित. "काका, विषयाला धरून बोला. पुस्तक तीनशे चार पानांचं आहे." आणि उडवला.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. लिहायच्या आधी मी अख्खं पुस्तक चाळलं होतं हो. जेवलो म्हणून कुणाला सांगावं, असं एक पान नाही त्यात.