ज्यूनीच्या कानांवर अंगठा

आजच्या समारंभाचे आणि गेली एकवीस वर्षं आपल्या हेझल फोर्क पिस्तूल क्लबचे अध्यक्ष, आदरणीय वेंडेल स्टॅमबॉ. त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे, जुन्या लष्करी पिस्तुलांच्या प्रदर्शनाचे परीक्षक ग्रोव्हर टिल साहेब. आपल्याला हा हॉल आणि या डुगडुगत्या खुर्च्या देणारे अग्निशमन दलाचे बंधू. सकाळपासून हरणाच्या मटणाची चिली ढवळत उभ्या असलेल्या भगिनी. माझे क्लबमधले सगळे सोबती. आणि शेवटच्या रांगेत, दाराच्या वाऱ्यात बसलेल्या ओपल रिट्झ आजी. कार्यक्रमपत्रिकेत आजींचं नाव नाही. त्यांना मी बोलावलंय.

निरोपाला उत्तर देताना गोड बोलायचं असतं, हे मला माहीत आहे. या हॉलमधली अशी नऊ भाषणं मीच लिहून दिली आहेत. वेंडेलकाका, तुमच्या पंधराव्या वर्षाच्या सत्काराचंसुद्धा. तेव्हा गोड कसं लिहायचं ते मला येतं. आज ते जमणार नाही, एवढं आधीच सांगते.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या हातांचं कौतुक केलं. लॉरेल योस्टच्या बाकावरून उठलेलं पिस्तूल कारखान्यातून आल्यासारखं दिसतं, असं ते म्हणाले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला त्या वाक्याची किळस आली. वाक्य खोटं नाही, म्हणूनच आली. का, ते सांगते. फार वेळ घेणार नाही. काका, घड्याळाकडे बघू नका.

सैन्यानं मोडीत काढलेल्या पिस्तुलांवर माझं प्रेम आहे. ते वडिलांकडून आलं. तळघरातल्या बाकावर एखादं रशियन पिस्तूल यायचं, गोदामातल्या तपकिरी ग्रीझमध्ये लडबडलेलं, मेणकागदात गुंडाळलेलं. वडील ते माझ्यापुढे ठेवून म्हणायचे, सोलून काढ. नोव्हेंबरातल्या आपल्या जुन्या पिस्तुलांच्या सामन्याला मी एकदाही चुकले नाही. एका हातानं, थंडीत, पंचवीस यार्डांवर. जुन्या काडतुसांचा तो खारट, सडक्या अंड्यासारखा वास, आणि संध्याकाळी मोरीत उकळत्या पाण्यानं नळ्या धुणं, नाहीतर सकाळपर्यंत गंज चढलाच. नवरा म्हणायचा, आमच्या घरात भांडी मागून, बंदुका आधी. ते खरंच होतं.

त्या सामन्यात दरवर्षी हारलन रिट्झ आजोबा शेवटच्या तिघांत यायचे. तुम्हाला सगळ्यांना ते आठवतात. त्यांचं ते पंचेचाळीस कॅलिबरचं लष्करी पिस्तूल, इटलीच्या लढाईतून घरी आणलेलं. त्याच्या मुठीवर डाव्या अंगाला लाकडाची पट्टी नव्हती. पडलेल्या विमानाच्या खिडकीचा पारदर्शक तुकडा कापून, घासून त्यांनी स्वतः पट्टी केली होती, आणि तिच्याखाली एका तान्ह्या बाळाचा फोटो. युद्धात कितीतरी पोरांनी असं केलं. बहुतेकांनी मैत्रिणींचे फोटो लावले, आजोबांनी बाळाचा. नेमबाजीच्या रेषेवर उभे राहिले की अंगठा त्या फोटोवर टेकवायचे आणि म्हणायचे, "कान झाक गं." मग गोळी झाडायचे. चुकली की आपण ओरडायचो, हारलन, तिनं कान झाकले, तुम्ही डोळे झाकलेत काय? तेही हसायचे.

सतरा वर्षं मी चिटणीस. त्या पिस्तुलाचा नंबर मला अजून पाठ आहे. ते कुठल्या महिन्यात तयार झालं, त्यावरच्या तपासनिसाच्या शिक्क्याची अक्षरं कुठली, त्याचा वरचा सरकता भाग दुसऱ्या पिस्तुलाचा कसा आहे, हे या हॉलमधली निम्मी माणसं सांगतील. त्या बाळाचं नाव काय, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं?

मीही विचारलं नाही.

आजोबा गेले त्या वसंतात ओपल आजी पावाच्या पिशवीत ते पिस्तूल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, माझ्या घरी त्याला कोण पुसणार? तुमच्याकडे कपाट आहे, तेल आहे, माणसं आहेत. तुम्ही सांभाळा, मी अधूनमधून येऊन हातात घेऊन जाईन. मी म्हटलं, कधीही या. आणि नेहमीच्या सवयीनं कागद पुढे केला. त्यावर 'क्लबला देणगी' असं छापलेलं आहे. 'सांभाळायला' असा कागद आपल्याकडे नाही. आजींनी सही केली. त्यांची नजर तेव्हाच अधू होती. बोट धरून सहीची जागा मीच दाखवली.

मग कार्यकारिणी बसली. आपल्या या छंदात एक शब्द आहे, अस्सल. प्रत्येक भाग त्याच वर्षाचा, त्याच कारखान्याचा असला की वस्तू अस्सल. माणसानं वापरताना तिच्यात जे काही केलं, ते सगळं नकली. वेंडेलकाकांनी टेबलावर पिस्तूल ठेवून म्हटलं, "लॉरेल, याला अस्सल करून टाक. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात मांडू. हारलनचंच नाव होईल." त्यांनी लबाडीनं म्हटलं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मलाही वाटलं. मी योग्य वर्षाचा सरकता भाग मिळवला. योग्य नक्षीच्या दोन पट्ट्या मिळवल्या. एका दुपारी स्क्रू काढले, ती पारदर्शक पट्टी उतरवली, सुट्या भागांच्या डब्यात टाकली. त्या वेळी माझं सगळं लक्ष स्क्रूच्या डोक्यांवर होतं. खाच खराब होऊ नये म्हणून मी टेप लावून काम करते. मला त्याचा अभिमान होता.

प्रदर्शनात टिल साहेबांनी बॅटरी आणि भिंग घेऊन वीस मिनिटं ते तपासलं आणि पहिल्या क्रमांकाची निळी फीत दिली. दुपारी शेजारणीच्या गाडीतून ओपल आजी आल्या. काकांनी पिस्तूल उघडून, रिकामं असल्याचं दाखवून त्यांच्या हातात ठेवलं. आजींनी अंगठा डाव्या अंगाला टेकवला. मग फिरवून उजव्या अंगाला टेकवला. मग पुन्हा डाव्या. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं.

"वेंडेल, ज्यूनी कुठंय?"

काका म्हणाले, "कोण ज्यूनी? काकू, आता हे खरं पिस्तूल झालंय बघा. फीत मिळाली."

"माझी मुलगी होती तिथं."

तेव्हा कळलं. ज्यूनी अकरा आठवडे जगली. आजोबा तेव्हा इटलीत होते. त्यांनी तिला पाहिलंच नाही. टपालानं एक फोटो गेला तेवढाच. ती गेल्याचं पत्र पोहोचलं, त्याच्या बारा दिवस आधी त्यांनी ती पट्टी बसवली होती. घरातले बाकीचे फोटो पुढे नदीच्या पुरात गेले. म्हणजे त्या मुलीचं या जगात जे काही उरलं होतं, ते त्या चार इंचांखाली होतं. सत्तरएक वर्षं एका माणसाचा अंगठा तिच्यावर होता, आणि मी ते साफ केलं.

कुणी आजींना फीत दाखवायला गेलं. त्यांनी हातानं दूर केली. मग माझ्याकडे वळल्या. रागानं बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. म्हणाल्या, "पोरी, तू काढलंस तेव्हा ती हसत होती ना गं? मला अलीकडे नीट दिसत नव्हतं, आणि आता आठवतही नाही."

मला सांगता आलं नाही. मी पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन डबा उघडला, तर पट्टी नाही. अदलाबदलीसाठी काका तो डबा नेहमी चाळायचे, म्हणून त्यांना विचारलं. ती त्यांनी बंदुकांच्या एका मेळ्यात पिस्तुलाच्या दोन जुन्या मॅगझिनांच्या बदल्यात दिली होती. कुणाला? सांगेनात. "लॉरेल, व्यवहार तो व्यवहार. परत मागायला गेलो तर उद्या आपल्याशी कोण बदल करील?" आणि मग, समजूत घालत, "अगं, देणगी दिली म्हणजे दिली. कागद तूच केलायस." हेही खरं होतं. या सगळ्या गोष्टीत कुणीच खोटं बोललं नाही, आणि म्हणूनच मला तिचा जास्त उबग येतो.

मग मी त्या मेळ्याला आलेल्या एकेका संग्राहकाला क्लबच्या कागदावर पत्रं लिहिली. क्लबची तिकिटं लावली, हेही कबूल करते. इंडियानातल्या एका निवृत्त बसड्रायव्हरकडून तेरा महिन्यांनी उत्तर आलं. त्यानं बाळाचा फोटो काढून तिथं पोहण्याच्या पोशाखातली एक बाई लावली होती. संग्राहकांना बायका आवडतात, बाळ कुणाला नको असतं, असं त्यानं सरळ लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती: पण फोटो टाकवेना, म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यात ठेवला होता. पट्टी आणि फोटो, दोन्ही त्यानं पाठवलं. बदल्यात काही मागितलं नाही. ना नात्याचा ना गोत्याचा तो माणूस, आणि त्याला आमच्यापेक्षा जास्त कळलं.

आता आजचं. तुम्हाला मी सांगितलं होतं की आईजवळ राहायला जायचंय म्हणून चिटणीसपद सोडते. आई ठणठणीत आहे. तुमच्यासोबत टेबलाभोवती बसून कुठली वस्तू अस्सल आणि कुठली नाही हे ठरवायचं, याचा मला वीट आला. सगळ्यात जास्त माझ्या हातांचा. आणि मग आत्ता काकांनी ही मखमली पेटी उघडली. क्लबतर्फे मला निरोपाची भेट. आतलं पिस्तूल कुठलं, ते मी नंबर न बघता ओळखलं. निळी फीतही ठेवली आहे. तुम्ही प्रेमानं दिलंत, यात शंका नाही. कार्यकारिणीच्या नऊ माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की हे कुणाचं आहे. इतकं ते स्वच्छ झालंय.

भेट मी स्वीकारते. टाळ्या नकोत, थांबा.

टिल साहेब, जरा बघा. सरकता भाग मागे, आत काही नाही, मॅगझिन बाहेर. पाहिलंत? आभारी आहे. काका, तुमच्या खिशात कायम असतो तो स्क्रूड्रायव्हर द्या. नाही? असू दे, माझाही पर्समध्ये असतोच. आज टेप लावणार नाही.

हा वरचा स्क्रू. हा खालचा. ही तुमची योग्य नक्षीची, योग्य वर्षाची पट्टी. टिल साहेब, आठवण म्हणून तुम्ही ठेवा. आणि ही हारलन आजोबांची, आज आजींच्या हातात द्यायला म्हणून बरोबर आणलेली. एका कोपऱ्यात फोटो थोडा फाटलाय, पट्टी पिवळी पडलीय. एक स्क्रू. दोन. झालं. आता हे पिस्तूल पुन्हा कधी अस्सल ठरणार नाही. भेट माझी आहे, तेव्हा ती कुणाला द्यायची हेही माझ्याच हातात आहे. कागद करायचा असेल तर उद्या करा.

समारोप करते. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि इतका वेळ चिली गार होऊ दिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. सतरा वर्षं तुम्ही मला आपलं मानलंत, ते मी विसरणार नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर ते पोटात घाला. त्या दुपारी बाकावर माझ्या हातून जे झालं, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायची की नाही, हे शेवटच्या रांगेत ठरेल. मी आता तिकडेच येतेय. जरा वाट द्या.

आजी, हात पुढे करा. डावं अंग वर आहे. इथं अंगठा ठेवा. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत आणि मला सांगता आलं नव्हतं. मी आता रोज बघते, तेव्हा सांगते. ती हसत नाहीये, आजी. जांभई देतेय.