नव्या पायथनवरची भरती-ओहोटी

"पावात कांदा आता सॉसेजच्या खाली घालतात म्हणे. वरून पडला तर कुणी घसरेल! काय एकेक नियम."

होबार्टमध्ये, लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या मेळाव्यात, जेवणाच्या रांगेत म्हातारी मोइरा कुरकुरत होती. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा, पायथन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तिचा. लिनक्सवाल्यांना तो बसवता यावा म्हणून त्याचं पॅकेज बांधणारा कॅलम नेमका तिच्या मागे सापडला होता, आणि कॅलमच्या मागे त्याचा दोस्त सिओने.

"बरा भेटलास, कॅलम. तुझी माफी मागायची होती."

"माझी? कशाला?"

"नवा पायथन आला आणि माझा प्रोग्रॅम चुकीच्या वेळा सांगायला लागला. इथल्या डोव्हर गावातल्या एका बाईची होडी चिखलात रुतली रे. चूक माझी, नाव तुझंही खराब."

"होतं असं, मोइरा. तुम्ही मनावर घेऊ नका."

"सांग ना तिला," सिओने कुजबुजला.

"तू गप रे."

"चूक पकडायला मी इतक्या चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. एकही ओरडली नाही! म्हणजे त्याही मला धड जमल्या नाहीत. वय झालं. आज सगळ्यांसमोर सांगून टाकते, माझा प्रोग्रॅम काढून टाका."

"एवढी काय घाई?"

"उद्या कुणी बुडालं तर?"

कॅलमने पाव घेतला, पण तो तोंडाकडे जाईना.

"ओरडल्या होत्या, मोइरा. नव्या पायथनवर तुमच्या चाचण्या सारख्या ओरडत होत्या. पॅकेज वेळेत जावं म्हणून मीच त्या बंद केल्या."